ज्या उन्हाळ्यात बेटं दिली

१२ एप्रिल २०२५, शनिवार

गाडीत बसून लिहितेय. गाडी घरासमोरच उभी आहे, इंजिन बंद. घरात जाववत नाही. प्रत्येक खोलीत कुणीतरी तोंड फुगवून बसलंय!

आंद्रेने आज जेवताना सांगून टाकलं. "ऑगस्टमध्ये आपण मॉरिशसला जातोय. कायमचं." मीठ दे म्हणावं तितक्या सहज. आपण! ह्या 'आपण'मध्ये कोण कोण? मी नवऱ्याकडे बघत राहिले. वीस वर्षं इंग्लंडात क्रॉलीत काढली, विमानतळावर बॅगा उचलून उचलून कंबर गेली त्याची. आणि चेहरा असा, की उद्याच सहलीला निघालाय.

मामांनी — म्हणजे माझ्या सासूबाईंनी — काटा खाली ठेवला. ताट तसंच. चालायची फ्रेम ढकलत ढकलत खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. तनू म्हणाली, "पापा, माझे एक्झाम आहेत!" मी वाटाणे वाढले. नको असताना सगळ्यांना वाटाणे वाढले.

वरून विमान गेलं. इथं दर थोड्या वेळाने कुणीतरी कुठंतरी जात असतं. मी सोडून.

१३ एप्रिल

मायलेक एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्याकरवी बोलतात. मी ह्या घरातली टपालपेटी.

१५ एप्रिल, मंगळवार

सुप्रभाचा फोन. माझी धाकटी बहीण, साताऱ्याला तहसील कचेरीत आहे. सासूला मी 'मामां' म्हणते (त्यांच्या क्रिओल भाषेत आई), हे तिला अजून पचलेलं नाही. "सासूला मामा, मग मामाला काय म्हणायचं?" दर वेळी तोच विनोद, दर वेळी तीच हसते.

"भांडण कशावरून?"

"बेटावरून."

"कुणाचं बेट?"

मग सगळं सांगावं लागलं. हिंदी महासागरात चागोस नावाची बेटं आहेत. नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली सगळी झाकतात. मामां तिथल्याच एका बेटावर जन्मल्या, पेरोस बान्योसला. नारळाचे मळे, मासे, चर्च, एवढंच. ब्रिटिशांचं राज्य. पुढे अमेरिकेला दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ हवा झाला, तेव्हा इंग्रजांनी सगळ्याच बेटांवरची सगळी माणसं उचलली आणि बोटीतून नेऊन सोडली. कुणी मॉरिशसला, कुणी सेशेल्सला. मामां तेव्हा अठराच्या. आंद्रे जन्मला मॉरिशसला, पोर्ट लुईच्या पत्र्याच्या वस्तीत. नंतर ब्रिटनने ह्या लोकांना पासपोर्ट दिले, म्हणून ही सगळी क्रॉलीत. आणि आता ब्रिटन ती बेटं मॉरिशसला देतंय. तळ आहे तसाच राहणार, बाकी बेटं मॉरिशसच्या झेंड्याखाली. सह्या व्हायच्या आहेत. गेल्या ऑक्टोबरपासून आज होतील, उद्या होतील चाललंय.

"मग चांगलंच की!" सुप्रभा. "परत जाता येईल."

"आंद्रे तेच म्हणतो. आधी पोर्ट लुईला बहिणीकडे जायचं, तिथले होऊन राहायचं, आणि बेटं उघडली की पहिल्या बोटीत चढायचं."

"आणि सासू?"

"त्या म्हणतात, मी मॉरिशसची नाही. आम्हाला तिथं कुत्र्यासारखं वागवलं. एकदा इंग्रजांनी हाकललं, आता आमची जमीन आम्हाला न विचारता दुसऱ्याला देतायत. मरेन पण मॉरिशसवर पाय ठेवणार नाही."

सुप्रभाने घसा खाकरला. मग म्हणाली, "म्हणजे सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसणारं कूळ दुसरं, आणि खरेदीखत तिसऱ्याच्या नावे. कुळाला नोटीसच नाही!"

मला हसू फुटलं. किती दिवसांनी.

"आणि तू कोण ह्यात?"

"मी कुळाची सून."

"मग तुला कोण नोटीस देणार!"

फोन ठेवल्यावर हसू कुठे गेलं कळलं नाही.

२० एप्रिल, ईस्टर

चर्चच्या हॉलमध्ये जेवण. दर वर्षी लांबच लांब एक टेबल असतं. ह्या वर्षी दोन. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झाले. एका बाजूला 'करार नको' वाले — चागोसच्या झेंड्याच्या नारिंगी, काळ्या, निळ्या फिती लावलेले. दुसऱ्या बाजूला 'निदान परत तरी जाता येईल' वाले. मामां इकडे, आंद्रे तिकडे. मी मध्ये, वाढप्यासारखी. मासा नारळाच्या दुधात शिजवलेला, तो मीच केलेला. मी साताऱ्याची, नारळ फक्त देवापुढे फोडणारी. लग्नानंतर मामांनी शिकवलं. "दूध उकळू देऊ नकोस, रागावतं." आता माझा मासा त्यांच्यापेक्षा बरा होतो, असं त्या लोकांना सांगतात. मला कधीच नाही.

फितीवाल्या एका बाईने विचारलं, "तुमचा भारत तर मॉरिशसच्या बाजूने आहे ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाढायचा चमचा हातात तसाच. काय सांगणार? भारताचा पासपोर्ट परत केला त्याला तीन वर्षं झाली. 'रद्द' असा शिक्का मारून परत पाठवला त्यांनी. कपाटात आहे. फेकवत नाही.

परत येताना गाडीत मामां म्हणाल्या, "तुझ्या देशाने त्यांना पाठिंबा दिला."

"मला विचारून नाही दिला, मामां."

"मला तरी कुणी विचारलं!" आणि हसल्या. खळखळून. मागच्या सीटवर आंद्रे खिडकीबाहेर बघत होता. त्यालाही हसू येत होतं, मला आरशात दिसलं. पण त्या बोलल्या नाहीत म्हणून तोही नाही बोलला.

असे हट्टी! दोघांची हनुवटीसुद्धा एक आहे.

२८ एप्रिल, सोमवार

आज अजयचा फोन आला. आधी हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते.

अजय माझा जुना मॅनेजर. विमानात जेवणाचे ट्रे जातात ना, ते जिथे भरतात त्या किचनमध्ये मी अकरा वर्षं होते. क्वालिटीला. मामांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा सोडलं. "थोडे दिवस" म्हणून. अजय म्हणाला, सुपरवायझरची जागा आहे, दिवसपाळी. "तुझ्याशिवाय दुसरं नाव डोक्यात आलं नाही. जूनमध्ये सांगितलंस तरी चालेल."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. रडले वगैरे नाही. नुसती उभी. तो पांढरा कोट आठवला. कोल्डरूमचा गारठा. मुलं ट्रे घेऊन यायची — "वरदा, हे जाऊ दे का?" आणि मी बघायचे, थर्मामीटर खुपसायचे, आणि सांगायचे. हो. किंवा नाही. मी सांगितलं की तसं व्हायचं!

कुणाला बोलले नाही. कधी बोलायचं? एका खोलीत जन्मभराचं दुःख, दुसऱ्या खोलीत जन्मभराचं स्वप्न. त्यात मी म्हणू, मला ट्रे तपासायचेत?

६ मे, मंगळवार

आज कळस झाला. मी पॅसेजमध्ये धुतलेले कपडे घेऊन उभी. उजवीकडे मामांची खोली, दार उघडं. डावीकडे आंद्रे, दार उघडं.

"त्याला सांग, झेंडा बदलला म्हणून मालक बदलत नाही."

"तिला सांग, झेंडा कुणाचा का असेना, वाळू तीच आहे!"

दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येतंय. क्रिओल मला येतं, त्यांना तर येतंच. तरी मध्ये मी हवी! नुसती मान इकडून तिकडे.

मग आंद्रेचा आवाज फुटला. "तिला विचार, मला हे वेड लावलं कुणी? लहानपणी छत गळायचं, खायला काही नसायचं, तेव्हा मला झोपवताना कोण सांगायचं — तिथे वाळू पिठासारखी पांढरी, तिथे कुणी उपाशी झोपत नाही? मी मागितलं होतं का ते बेट? तिने दिलं! आता मी जातो म्हणतो तर—"

उजव्या खोलीत पलंग करकरला. मग अगदी हळू, "त्याला सांग, मी परत जाऊ म्हटलं होतं. कुणाची तरी होऊन जाऊ, असं नव्हतं म्हटलं."

मी दोन्ही खोल्यांमध्ये कपडे ठेवले. दोघंही खरं बोलतात, हाच त्रास आहे.

७ मे

डोकं दुखतंय. दूध संपलं होतं म्हणून बरं, बाहेर तरी पडले.

१५ मे, गुरुवार

तनूचा गणिताचा पेपर बरा गेला. गाडीत बसल्या बसल्या मराठीत म्हणाली — मोठं काही बोलायचं असलं की ती मराठीत बोलते, मोडकंतोडकं — "आई, मी जाणार नाही. माझा शाळा इथे आहे. माझा फ्रेंड्स इथे आहे. मी आजीसारखा बोटमध्ये नाही बसणार."

"विमानाने जायचंय ग."

"सेम थिंग!"

संध्याकाळी आंद्रेला सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ओरडला नाही. कपाळ चोळत बसला. मग म्हणाला, "ठीक आहे. तिचं कॉलेज होऊ दे. तुम्ही दोघी मागाहून या. मामां तशीही येणार नाही. तू इथे राहा, मामांना बघ. मी पुढे जातो."

बघ! किती सोपं झालं त्याचं. म्हणजे मॉरिशसला गेले तर नणंदेच्या घरात, आणि नाही गेले तर ह्या घरात. तिथे कुणाची तरी वहिनी, इथे कुणाची तरी सून. इन्सुलिन, पायाचं क्रीम, डॉक्टर, चर्च. कुठल्या दाराने बाहेर पडू?

मी म्हटलं, "बेटावर अजून काही नाही आंद्रे. पिण्याच्या पाण्याची सोय नाही, डॉक्टर नाही. कधी जाऊ देतील तेही कुणी सांगत नाही."

"माहितेय."

"मग?"

"मग काय? पन्नाशीला आलो. कधी जाऊ?"

त्याचे हात धरावेसे वाटले. धरले नाहीत.

२२ मे, गुरुवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

सकाळी चहा टाकत होते, तोच मामांचा फोन किंचाळायला लागला. मग दारावर थापा. शेजारच्या गल्लीतली दोन माणसं. रात्रीतून कोर्टाने सह्या थांबवल्या! बेटावरच जन्मलेल्या दोन बायकांनी दावा लावलाय, आणि न्यायाधीशांनी रात्रीच हुकूम काढलाय — सुनावणी होईपर्यंत सरकारने सही करायची नाही. मिनीबस निघालीये लंडनला. मामां नाइटगाऊनवरच कोट चढवायला लागल्या. मी कसेबसे कपडे बदलले त्यांचे. त्यांच्या बोटांना बटणं लागेनात. "जगात कुणीतरी थांबवलं त्यांना," परत परत हेच. "कुणीतरी थांबा म्हणालं!"

आंद्रे जिन्यावर उभा होता. ड्युटीचा पिवळा कोट घातलेला. खाली आला, मामांची फ्रेम घडी करून मिनीबसमध्ये ठेवली, सीटचा पट्टा लावून दिला. त्यांनी पट्टा लावू दिला.

बसमध्ये सगळे गात होते. मलाही शब्द येत होते थोडे. म्हटले मी. कुणी बघत नव्हतं.

स्ट्रँड रस्त्यावर हायकोर्टासमोर झेंडे, पोलीस, कॅमेरे. मामांना घडीच्या खुर्चीवर बसवलं. एक पत्रकार मुलगी आली, वाकून विचारलं, "तुमचं नाव?" मामां ताठ बसल्या. "रोझमोंद. पेरोस बान्योस." आडनावाच्या जागी बेटाचं नाव. मी इतकी वर्षं सून आहे, असं सांगताना त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मग वाट बघणं. मी पोळीचा रोल आणला होता, तो अर्धा अर्धा खाल्ला. साखर तपासली. ऊन होतं. मामां म्हणाल्या, "व्हाहदा" — माझ्या नावातला र त्यांच्या घशातच राहतो — "आज जिंकलो तर तू सुट्टी घे."

"कशाची सुट्टी, मामां?"

"माझी."

मी हसले. त्या नाही हसल्या.

दुपारच्या सुमाराला आतून माणसं बाहेर यायला लागली. चेहऱ्यांवरून कळलं. पुढे काही ऐकायची गरजच नव्हती. हुकूम उठवला. सरकारला मोकळीक. एक बाई खाली फूटपाथवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली, आपल्याकडे मयताला रडतात तशी. बाकीच्या तिच्याभोवती. मामां रडल्या नाहीत. पाय पुढे घेतले, फ्रेम मागितली. "घरी चल."

परतीच्या वाटेवर कुणाच्या तरी फोनवर आलं. झाल्या सह्या. स्क्रीनवर! एक लंडनमध्ये बसून, एक मॉरिशसमध्ये बसून. समोरासमोरसुद्धा नाही! बसमध्ये कुणी गायलं नाही. ड्रायव्हरने रेडिओ लावला होता, तोही कुणीतरी बंद करायला सांगितलं.

पन्नास वर्षांपूर्वी निदान बोट तरी आली होती, मामां म्हणाल्या. निदान समोर येऊन सांगितलं होतं. निघा म्हणून.

२३ मे

मला वाटलं होतं आंद्रे काल बिअर उघडेल, मित्रांना बोलावेल. संध्याकाळी कामावरून आला तर नेहमीच्या वेळेच्या आधी. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. बूट काढले नाहीत.

मी म्हटलं, "झालं की तुझ्या मनासारखं."

"हो." आणि रडायला लागला. तोंडावर हात दाबून, आवाज न करता. मामांचं दार समोरच होतं. उघडं की बंद, बघायचा धीर झाला नाही.

२ जून, सोमवार

मामांचे पाय धूत होते. करारावरून चर्चमध्ये परत वाद झाला होता, त्या काही ऐकायला तयार नव्हत्या. पाण्यात पाय ठेवून एकदम बोलायला लागल्या.

बोटीवर माणसं खाली, डेकवर घोडे. मळ्याच्या मॅनेजरचे घोडे! घोड्यांना वारा लागला पाहिजे ना. बरोबर एक पेटी आणि एक गादी एवढंच घेता आलं. कोंबड्या, कुत्रा, घर, सगळं तसंच. पोर्ट लुईच्या बंदरात बोट लागली तर कुणी उतरेना. आम्ही इथले नाही, आम्हाला परत न्या. दिवसचे दिवस धक्क्यावर बोट उभी, आत माणसं. वरून लोक बघायला यायचे. 'झिल्वा! झिल्वा!' ओरडायचे. झिल्वा म्हणजे बेटावरचा. बेटावर होतो तेव्हा हा शब्द नव्हता, मामां म्हणाल्या, कारण तिथे सगळे बेटावरचेच. पोर्ट लुईत ती शिवी झाली. शाळेत आंद्रे दगड खाऊन यायचा ह्याच शब्दावरून.

"विसरला तो," त्या म्हणाल्या.

"विसरला नाही, मामां. त्याला वाटतं, बेटावर गेलं की ती शिवी राहणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काही चुकीचं बोलले का वाटलं. मी टॉवेल घेतला. बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या कराव्या लागतात.

१४ जून, शनिवार

आंद्रेने राजीनामा दिला. तिकीट काढलं — एक. ऑगस्टचा पहिला आठवडा. घरमालकाला सांगायचं राहिलंय. मोठं घर परवडणार नाही, मामां, तनू आणि मी छोट्या फ्लॅटमध्ये जायचं असं त्याचं म्हणणं. "तळमजल्यावरचा बघतो मामांसाठी," म्हणाला. चांगला माणूस आहे. चांगल्या माणसाने बांधलेली गाठसुद्धा गाठच असते.

दुपारी अजयला कळवलं. नाही जमणार. घरची परिस्थिती. लिहिताना हात अगदी स्थिर होता. पाठवल्यावर फोन पालथा ठेवला. मग बटाटे सोलले. खूप सोलले. उद्यालाही पुरतील.

१५ जून

अजयचं उत्तर — "नक्की?" एवढंच. मी काही लिहिलं नाही.

१९ जून, गुरुवार

तनूची परीक्षा संपली. मैत्रिणींनी शर्टवर सह्या केल्यात, रंगीबेरंगी. ती दारात शर्ट दाखवत उभी राहिली, आणि आत मी आंद्रेच्या बॅगेत काय काय जातं ते बघत होते. "छान," म्हटलं. तिने शर्ट खाली घेतला.

"आई, तू कधी काय ठरवलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू. तू स्वतः. कधी?"

मी म्हटलं, इंग्लंडला यायचं मी ठरवलं. तुझ्या पापाशी लग्न करायचं मी ठरवलं. घरात कुणालाच नको होतं.

"आफ्टर दॅट?"

मी परत बॅगेकडे वळले. ती वर निघून गेली. बॅगेत त्याचे लोकरीचे मोजे ठेवले होते मी. मॉरिशसला लोकरीचे मोजे!

२९ जून, रविवार

चर्चमधून आलो. उन्हाळा अगदी तापलाय, मामांच्या खोलीत पंखा लावला. जायला निघाले तर म्हणाल्या, "बस."

बसले.

"आंद्रे जातो. त्याने ठरवलं. तनू राहते. तिने ठरवलं. मी मॉरिशसला जाणार नाही. मी ठरवलं." एकेक बोट दुमडत होत्या. चौथं बोट धरून थांबल्या. "तुला कुणी विचारलं?"

"मला काय विचारायचं, मामां."

"विचारलं का?"

"नाही."

"मी विचारते. तुला काय हवं?"

पंखा फिरत होता. मला वाटलं काहीतरी गोड बोलून उठावं. तुम्ही बऱ्या राहा, तनू शिकू दे, असं काहीतरी. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडलं. अजयचा फोन, ती जागा, नाही म्हणून कळवलं ते. पांढरा कोट. "मला कामावर जायचंय. सकाळी उठून ह्या घरातून बाहेर जायचंय आणि संध्याकाळी दमून परत यायचंय. आणि मला मॉरिशसला जायचं नाहीये. कधीच नाही. मागाहूनही नाही." शेवटचं वाक्य मी आंद्रेलासुद्धा बोलले नव्हते. माझं मलाच नवीन होतं.

"आणि मी?" मामांनी विचारलं. रागाने नाही. नुसतं विचारलं.

काय सांगणार! तुमचा कंटाळा आलाय, असं? तुमची माया आहे आणि तुमचा कंटाळा आलाय. दोन्ही आहे. खाली मान घालून बसले. त्यांना कळलं. आई गं, त्यांना कळलं.

"पंखा कमी कर," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

३० जून

मामां जेवल्या नाहीत. सूप नेलं, तेही परत. माझ्याशी नीट बोलतात. तेच सहन होत नाही. बोलायलाच नको होतं मी.

३ जुलै

मामां दार लावून फोनवर कुणाशी तरी बोलल्या. कुणाशी, विचारलं नाही. रडण्याचा आवाज आला. तिकडचा, फोनच्या स्पीकरमधला. त्यांचा नाही.

६ जुलै, रविवार

आज मामां टेबलावर येऊन बसल्या. एप्रिलपासून पहिल्यांदा. आणि माझ्याकडे न बघता, सरळ लेकाकडे बघून बोलल्या, "आंद्रे, अजून एक तिकीट काढ."

त्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. "कुणाचं?"

"माझं. तुझ्या बहिणीशी बोलले मी. खालची खोली देते म्हणाली. औषधं तिथेही मिळतात. व्हाहदा येणार नाही, तनूही नाही. त्यांच्या मागे लागू नकोस."

"पण मामां, तू तर म्हणाली होतीस—"

"म्हणाले होते. भात वाढ."

भात माझ्याकडे होता. मला म्हणायला हवं होतं, नका जाऊ, मी आहे ना, मी बघेन. कुठल्याही सुनेने म्हटलं असतं. मी तोंड उघडलं.

मिटलं. आणि भात वाढला.